नॉमिनी, मुखत्यारपत्र, लिव्हिंग विल, मृत्युपत्र: कोणता कागद कधी कामाला येतो?

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका घरातला कमावता माणूस अचानक आयसीयूत दाखल झाला आणि तो बेशुद्ध आहे. त्याचा पगार त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात जमा होतो. हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय. बायको पासबुक घेऊन बँकेत जाते आणि सांगते, "खात्यावर नॉमिनी मीच आहे." बँक म्हणते, नॉमिनीला पैसे खातेदाराच्या मृत्यूनंतर मिळतात, आत्ता नाही.

ऐकायला निष्ठुर वाटतं, पण बँकेचं म्हणणं कायद्याला धरून आहे. "नवरा-बायको आहेत, सही चालेल" किंवा "मुलगा आहे, तो बघेल" हे आपण गृहीत धरतो. सज्ञान माणसाच्या पैशांवर आणि मालमत्तेवर केवळ नात्यामुळे दुसऱ्याला सही करायचा अधिकार मिळत नाही. तो कागदाने द्यावा लागतो. कोणता कागद जिवंतपणी चालतो, कोणता मृत्यूनंतर आणि कोणता नेमक्या गरजेच्या वेळी बंद पडतो, हे समजून घेऊया.

आजारपणात बँकेतले पैसे कसे काढायचे?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे संयुक्त खातं. खातं उघडताना "आयदर ऑर सर्व्हायव्हर" हा पर्याय निवडला असेल, तर दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतं. घरखर्चाचं आणि आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं खातं तरी असं असावं.

खातं एकट्याचं आहे, रुग्ण शुद्धीवर आहे, पण सही करता येत नाही, अशा वेळी काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याची सोय आहे. रुग्ण हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊ शकतो. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. पैसे कोण नेणार हेही रुग्णाने सांगायचं असतं. ही सोय अनेकांना माहीत नसते. त्यामुळे शाखेत गेल्यावर ती आपणच मागावी.

मुखत्यारपत्र कुठे थांबतं?

मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी. "माझ्या वतीने ही ही कामं अमुक व्यक्ती करेल" असं त्यात लिहून दिलेलं असतं. परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असलेल्या माणसासाठी ते उपयोगी आहे. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे वडील कोमात गेले किंवा त्यांचा स्मृतिभ्रंश खूप वाढला, तर मुलाच्या हातातला कागद तिथेच थांबतो.

कोमातल्या माणसासाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कुटुंबाला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत वैद्यकीय अहवाल बघून पत्नीला पालक नेमलेलं आहे. पण हॉस्पिटलचं बिल चढत असताना फोर्टला वकिलाकडे आणि कोर्टात हेलपाटे मारणं किती कुटुंबांना परवडेल? म्हणून संयुक्त खात्याची सोय आधीच केलेली बरी.

वसई-विरारकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथे चाळीतल्या रूम आणि काही इमारतींमधले फ्लॅट नोटरी केलेल्या कागदांवर किंवा मुखत्यारपत्रावर हातोहात विकले जातात. अशा कागदाने मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात २०११ मध्येच सांगितलं. मालकीसाठी नोंदणी केलेला विक्री दस्त लागतो. बांधकाम बेकायदा असेल तर कागद असूनही घर जाऊ शकतं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीला महापालिकेने कारवाई केली, तेव्हा तिथल्या कुटुंबांनी ते अनुभवलं. नोटरीच्या कागदावरचं घर वारसांच्या नावावर करतानाही हीच अडचण येते.

हॉस्पिटलमध्ये संमती कोणाची?

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर उपचाराला संमती त्याचीच हवी. नवरा, आई किंवा मुलाची सही त्याऐवजी चालत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करायचं असेल, तर डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत.

याशिवाय हे हक्क माहीत असू द्या:

• केस पेपर आणि तपासण्यांचे अहवाल मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.
• बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवणं बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये बदल झाले. त्यानुसार बिलासाठी मृतदेहही अडवता येत नाही. अर्थात बिल माफ होत नाही, हॉस्पिटल ते कायदेशीर मार्गाने वसूल करू शकतं.
• याच नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद हॉस्पिटलमध्ये लावलेली असली पाहिजे. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

लिव्हिंग विल म्हणजे काय?

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, त्या अंथरुणावर होत्या. त्यांना काय हवं होतं, हे सांगणारा कोणताही कागद नव्हता. त्यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालानंतर ही चर्चा पुढे गेली आणि ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली.

"मी बरा होण्याची शक्यता उरली नाही आणि मला बोलता येत नसेल, तर केवळ यंत्रांवर जगवत ठेवू नका," असं यात आधीच लिहून ठेवता येतं. इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याशी याचा संबंध नाही, ते भारतात बेकायदाच आहे.

लिव्हिंग विल करायला दोन साक्षीदार लागतात आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करावं लागतं. आपल्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलेल, त्यांची नावंही त्यात लिहायची असतात. एक प्रत कुटुंबाला द्यायची आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे, म्हणजे वसई-विरारमध्ये महापालिकेकडे. प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळं निर्णय तपासतात. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं आणि तसं करणारे ते राज्यातले पहिले ठरले.

नॉमिनी मालक होतो का?

या प्रश्नाचं उत्तर एका मराठी घरातूनच आलं आहे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांचं ऑगस्ट २०१३ मध्ये निधन झालं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. म्युच्युअल फंडातल्या काही रकमांवर नॉमिनी म्हणून घरातल्या काही जणांचीच नावं होती. ते पैसे नॉमिनींचे की सगळ्या वारसांचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी आपोआप मालक होत नाही. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे जाते.

बँकेच्या ठेवींनाही हेच तत्त्व लागू आहे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते आणि तिची जबाबदारी तिथे संपते. वारस आपला हिस्सा नॉमिनीकडे मागू शकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

सोसायटीतल्या फ्लॅटचा नॉमिनी आधी तात्पुरता सदस्य होतो, मालकी वारस ठरल्यावर ठरते. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील, तर साधारणपणे विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क असतो. पीएफचं नॉमिनेशन लग्नाआधी केलं असेल, तर लग्नानंतर ते रद्द होतं आणि नवं भरावं लागतं. नोकरी लागताना आईचं नाव टाकून पुढे विसरून गेलेल्यांनी हे आजच तपासावं.

मृत्युपत्र नसेल तर?

मग वाटणी कायदा ठरवतो, आणि वसईत शेजारी-शेजारी राहणाऱ्यांचे कायदे वेगळे असू शकतात. हिंदू पुरुषामागे आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. पहिल्या वर्गाच्या या वारसांत वडील येत नाहीत. ख्रिस्ती कुटुंबात पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळतं. मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू होतो. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सहसा लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. पुढचे वाद टाळायचे असतील, तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलेली चांगली. ख्रिस्ती वाचकांसाठी महत्त्वाचं: लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न होताच रद्द होतं. हिंदूंना हा नियम लागू नाही.

सुरुवात कुठून करायची?

१. बँक, पीएफ, विमा, म्युच्युअल फंड आणि सोसायटी, या पाचही ठिकाणी नॉमिनी कोण आहे ते तपासा.
२. घरखर्चाचं एक खातं संयुक्त करा.
३. घराचा मूळ दस्त, पॉलिसी आणि खात्यांची यादी कुठे ठेवली आहे, ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.
४. मृत्युपत्र आणि लिव्हिंग विल हे दोन वेगळे कागद आहेत. एकात दुसरा मिसळू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या राष्ट्रीय विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा किंवा वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे.

मुखत्यारपत्र, लिव्हिंग विल आणि मृत्युपत्र करताना सही करणारा माणूस शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असावा लागतो. आयसीयूच्या दारात उभं राहून यातलं काहीच करता येत नाही.