स्लॉट कारची नवी चेसी वाकडी का असते आणि ती घरच्या घरी सपाट कशी करतात?

नवी कोरी गाडी डब्यातून काढली, ट्रॅकवर ठेवली, वेग दिला. डावीकडच्या वळणावर ती व्यवस्थित गेली, उजवीकडच्या वळणावर मात्र उडून बाहेर पडली. पुन्हा ठेवली, तरी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण टायर बदलतात किंवा जास्त ताकदीची मोटर शोधू लागतात. दोष मात्र अनेकदा गाडीच्या तळाशी असतो. तिची चेसी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात तो सांगाडा, सपाट नसतो.

स्लॉट कार शर्यतीत मुरलेले लोक म्हणूनच नवी गाडी लगेच पळवत नाहीत. आधी ती पूर्ण खोलतात, चेसी सपाट करतात आणि मग पुन्हा जोडतात. या कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत. काचेचा एक तुकडा, गरम पाणी आणि एका रात्रीचा धीर एवढ्यावर भागतं.

स्लॉट कार म्हणजे नेमकं काय?

ट्रॅकमध्ये कोरलेल्या खाचेतून धावणारी विजेवरची छोटी गाडी म्हणजे स्लॉट कार. खाच म्हणजेच स्लॉट. गाडीच्या पुढच्या बाजूला खाली एक पातं असतं, त्याला गाइड म्हणतात. हे पातं खाचेत बसतं आणि गाडीला दिशा देतं. गाइडच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या चपट्या वेण्या असतात. त्या ट्रॅकवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटरला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त वेगाचा कंट्रोलर असतो. स्टिअरिंग नसतंच.

हा खेळ लोकप्रिय केला तो 'स्केलेक्स्ट्रिक' या ब्रिटिश ब्रँडनं. फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनीमॉडेल्स कंपनीनं १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात तो सादर केला. चावीवर चालणाऱ्या 'स्केलेक्स' गाड्यांना त्यांनी विजेची मोटर बसवली होती. आज घरात आणि क्लबमध्ये १:३२ प्रमाणातल्या गाड्या जास्त दिसतात. साडेचार मीटर लांबीची खरी गाडी या प्रमाणात साधारण १४ सेंटिमीटरची होते. व्यावसायिक ट्रॅकवर १:२४ च्या गाड्या पळतात. त्यांतल्या सर्वांत वेगवान 'विंग कार' १५५ फुटांच्या ट्रॅकची फेरी दोन सेकंदांच्या आत पूर्ण करतात.

अर्ध्या मिलिमीटरनं एवढा काय फरक पडतो?

प्रमाण लक्षात घेतलं की उत्तर मिळतं. १:३२ च्या गाडीत अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत १६ मिलिमीटर. एखाद्या कारचं एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा १६ मिलिमीटर वर बसवलं, तर ती रस्त्यावर कशी चालेल?

आता घरातली तिवई आठवा. चार पायांचं टेबल फरशीवर डुगडुगतं, तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टेकू नेहमी एकाच पातळीत येतात. चांगली स्लॉट कारही तिवईसारखी उभी असते. मागची दोन चाकं आणि पुढचा गाइड हे तिचे तीन पाय. पुढची चाकं ट्रॅकला जेमतेम स्पर्श करतात, वजन पेलत नाहीत.

चेसीला पीळ असला की हा हिशेब बिघडतो. पुढचं एक चाक खाली येतं आणि गाइडला खाचेतून वर उचलतं. गाइड तिरका झाला, तर एका बाजूची वेणी पट्टीपासून सुटते आणि वीज तुटते. मागच्या दोन चाकांवरचा भार असमान होतो, म्हणून गाडी एका बाजूच्या वळणावर चांगली आणि दुसऱ्या बाजूला वाईट चालते. मागच्या आसाची दोन्ही बुशं एका रेषेत राहिली नाहीत, तर आस जड फिरतो, गिअर एकमेकांत नीट बसत नाहीत आणि मोटर तापते.

तळाला चुंबक असलेल्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. ट्रॅकच्या धातूपासून चुंबक जरा दूर गेलं, तरी ओढ झपाट्यानं कमी होते. वाकलेल्या चेसीत ही ओढ दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही.

नवी वस्तू वाकडी कशी?

प्लास्टिकची चेसी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरून बनते. थंड होताना ते आकसतं. नायलॉन साधारण १ ते २ टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण चेसीची जाडी सगळीकडे सारखी नसते. पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग नंतर. दोघांच्या आकसण्यातल्या फरकामुळे आत ताण साठतो आणि तोच चेसीला ओढून वाकवतो. पुढे गाडी डब्याच्या तळाला स्क्रूनं आवळून ठेवलेली असेल, तर त्याचीही भर पडते.

स्टीलची चेसी पत्र्यातून ठोकून कापतात. कापताना कडा दाबल्या जातात, त्यांना बारीक धार राहते आणि पत्र्यात ताण उरतो. थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या चेसीत खालचे थर आधी थंड होतात आणि वरचे थर नंतर आकसून त्यांना ओढतात, म्हणून कोपरे वर उचलले जातात.

वाकडेपणा ओळखायचा कसा?

त्यासाठी आधी खात्रीची सपाट जागा हवी. घरात मिळणारी सर्वांत सपाट आणि स्वस्त वस्तू म्हणजे खिडकीची किंवा टेबलाची जाड काच. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगवून तयार होते, म्हणून तिचा पृष्ठभाग इतका समतल असतो. आठ-दहा मिलिमीटर जाडीचा फूटभर तुकडा काचेच्या कोणत्याही दुकानात कापून मिळतो. कडा घासून घ्यायला सांगावं. ओट्याचा गुळगुळीत ग्रॅनाइटही चालतो. लाकडी टेबलावर मात्र विसंबू नये.

आता गाडी पूर्ण खोला: बॉडी, मोटर, गिअर, आस, चाकं, गाइड, वायर, चुंबक सगळं वेगळं करा. साच्यातून आलेली प्लास्टिकची बारीक पिसं ब्लेडनं काढा. मग चेसी काचेवर ठेवून या तीन तपासण्या करा.

१. चारही कोपरे एकेक करून बोटानं दाबा. टक-टक आवाज आला, तर चेसीला पीळ आहे, म्हणजे समोरासमोरचे तिरके कोपरे वर-खाली आहेत.

२. पलीकडून टॉर्च मारा. मधोमध किंवा दोन्ही टोकांखालून उजेड दिसला, तर चेसीला बाक आहे.

३. फट मोजा. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक जे फिलर गेज वापरतात, ते इथे उत्तम. नसेल तर झेरॉक्सचा कागद घ्या. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. फटीत किती कागद जातात, त्यावरून अंदाज येतो.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना सरफेस प्लेटवर निळा रंग लावून उंचवटे शोधायला शिकवतात. त्याचीच सोपी आवृत्ती म्हणजे चेसीच्या तळाला मार्कर फासायचा आणि काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर ती हलकेच एकदा फिरवायची. शाई गेली तो उंचवटा, शाई राहिली तो खोलगट भाग.

प्लास्टिकची चेसी: गरम पाण्याची पद्धत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओतून आवळतो. तिथे उष्णतेनं धातू प्रसरतो. इथे उष्णतेनं प्लास्टिकमधला ताण सैल होतो. दोन्हीकडे धडा एकच: वस्तू गरम असताना बसवायची आणि गार होईपर्यंत जागेवर धरून ठेवायची.

चेसी स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सपाट पट्टीवर ठेवा. कागदाच्या क्लिपा किंवा मजबूत रबर लावून ती घट्ट धरा. तळाला मोटरचा भाग खाली आलेला असेल, तर बाकी ठिकाणी सारख्या जाडीचे तुकडे घालून पातळी जुळवा. ही बांधलेली जोडी स्टीलच्या परातीत ठेवा. पाणी उकळून गॅस बंद करा, काही मिनिटं थांबा आणि मग चेसी पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओता. इथे काच वापरू नका. अचानक गरम पाणी पडलं, तर ती तडकते.

यानंतरचं काम वाट पाहण्याचं. पाणी आपोआप गार होऊ द्या आणि क्लिपा रात्रभर तशाच ठेवा. प्लास्टिक कोमट असताना सोडलं, तर ते पुन्हा वाकतं. सकाळी काचेवर तपासा. थोडा पीळ उरला असेल, तर उलट बाजूच्या कोपऱ्याखाली एक-दोन कागद घालून पुन्हा बांधा, म्हणजे किंचित जास्त वाकवल्यावर ती परत येताना सरळ थांबेल. दोन-तीन वेळा करावं लागणं नेहमीचंच आहे.

चेसी कोणत्या प्लास्टिकची आहे हे पाहणं महत्त्वाचं. नायलॉन ५०-६० अंशांच्या पुढे सैल पडू लागतं, म्हणून या पद्धतीला लवकर दाद देतं. एबीएस साधारण १०५ अंशांपर्यंत कडक राहतं, त्यामुळे तिथे फरक हळूहळू पडतो. शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये असतो तसल्या थ्रीडी प्रिंटरवर बहुधा पीएलए वापरतात. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ होतं. त्याला उकळतं पाणी लावलं, तर चेसी लोळागोळा होईल. त्यासाठी ६० अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं.

काही पथ्यं पाळावीत. चुंबक आधी काढलेलंच हवं, कारण साधी निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढे कायमची कमजोर होऊ शकतात. गॅसची ज्योत, मेणबत्ती किंवा इस्त्री वापरू नये. त्यांची उष्णता एकाच जागी लागते आणि नवा बाक तयार होतो. मुलं हे करत असतील, तर पाणी मोठ्यांनी ओतावं.

स्टीलची चेसी: बोटांचं काम

इथे गरम पाण्याचा उपयोग नाही. आधी बारीक कानशीनं कडांची धार घालवा. मग पीळ कुठून सुरू होतो ते काचेवर शोधा आणि दोन्ही हातांनी हलकेच उलट दिशेला वाकवा. स्टील थोडं परत येतं, म्हणून हवं त्यापेक्षा कणभर जास्त वाकवावं लागतं. एका झटक्यात सरळ करण्यापेक्षा दहा वेळा थोडं-थोडं वाकवून दर वेळी तपासणं चांगलं.

हातोडी टाळा. ठोकलेल्या जागी पत्रा पसरतो आणि बाक दुसरीकडे सरकतो. गॅसवर तापवणंही चुकीचं, कारण स्प्रिंग स्टीलचा ताठपणा निघून जातो. शेवटी काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरून तळ हलक्या हातानं घासा. काम झाल्यावर चेसी पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर गंज धरेल.

जोडताना पुन्हा वाकू नये म्हणून

सपाट केलेली चेसी जोडणीतच पुन्हा पिळली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक भाग बसवला की गाडी काचेवर ठेवून पाहावी.

आस काचेवर लोळवून बघा. थरथरत लोळला, तर तो वाकलेला आहे. बुशं बसवल्यावर आस बोटाच्या टिचकीनं मोकळा फिरला पाहिजे. सगळे स्क्रू आधी सैल लावा आणि मग समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. मोटर वेगळ्या कप्प्यात बसत असेल, तर ते स्क्रू पूर्ण आवळून पुन्हा अर्धा ते एक फेरा सैल करण्याची पद्धत आहे. बॉडीचे स्क्रूही तसेच ठेवतात. त्यामुळे बॉडीचा वाकडेपणा चेसीवर लादला जात नाही आणि ट्रॅकचे हादरे आतल्या आत जिरतात.

शेवटची तपासणी गाइडची. खाच कोरलेल्या सपाट फळीवर गाडी ठेवा. मागची दोन्ही चाकं पूर्ण टेकलेली, गाइड सरळ बसलेला आणि पुढच्या चाकांखालून एक कागद सहज सरकतोय, असं दिसलं की तिवई जमली.

परभणीच्या हवेत काय जपावं?

परभणी समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० ऐवजी ९९ अंशांच्या जवळपास उकळतं, पण या कामात तेवढ्यानं काही बिघडत नाही. खरी काळजी उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे असतो आणि उन्हात उभ्या बंद चारचाकीच्या डॅशबोर्डवर तापमान ६० अंशांच्याही वर जातं. पीएलएची चेसी तिथे दुपारभर राहिली, तर आदल्या रात्रीची मेहनत वाया जाते. पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यालाही हेच लागू. नायलॉन हवेतला ओलावा शोषून थोडं लवचिक होतं, म्हणून पावसाळ्यात अशी चेसी पुन्हा एकदा तपासावी.

गाडी ठेवताना ती चाकांवर उभी न करता चेसीखाली ठोकळा द्यावा, म्हणजे टायर एका जागी दबत नाहीत.

कुठे थांबायचं?

चेसी पूर्ण सपाट कधीच होत नाही आणि तशी गरजही नसते. काचेवर कोपरे दाबल्यावर आवाज येत नाही आणि फटीत एक कागदही जात नाही, इथे थांबलं तरी चालतं. त्यापुढे घासत राहिलं, तर चेसी पातळ होते आणि लवकर तुटते. स्पर्धेत उतरायचं असेल, तर आधी नियम वाचावेत, कारण काही गटांत चेसी घासून वजन कमी करायला मनाई असते.

हे झाल्यावरही गाडी एकाच बाजूच्या वळणावर उडत असेल, तर टायर आणि ट्रॅककडे वळायला हरकत नाही. चेसी सपाट असल्याची खात्री झाल्यामुळे आता दोष शोधायच्या जागा कमी उरतात. नवी मोटर विकत घेण्याचा विचार त्यानंतरच करावा.