वहीचे पैसे कोणी भरायचे?

मंडळी, जमिनीचा वाद झाला की आपण नुसता सातबारा बघत नाही, जुने फेरफार काढतो. आज नाव कुणाचं ते सातबारा सांगतो. ते कधी आणि कशाच्या आधारे लागलं ते फेरफारात कळतं. कॉम्प्युटरच्या जगातही अशी वही असते, तिला ऑडिट लॉग म्हणतात. क्लाउडमध्ये आपली माहिती दुसऱ्याच्या मशीनवर असते आणि तिथली बहुतेक कामं एपीआय नावाच्या खिडकीतून होतात. खिडकीशी कोण आलं, किती वाजता, काय मागितलं, हे या वहीत उतरतं.

फरक एकच. फेरफारात फक्त बदल नोंदवतात. पण माहितीची चोरी झाली तर बदलत काहीच नाही! मेल जागेवरच असतो, चोर फक्त वाचून जातो. म्हणून "कोणी बदललं" इतकीच "कोणी वाचलं" ही नोंद महत्त्वाची.

२०२३ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच घडलं. परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा पथकाने मेल उघडल्याच्या नोंदींवर स्वतःचा एक इशारा लावून ठेवला होता. गमतीने नाव दिलं होतं 'बिग यलो टॅक्सी'. जूनमध्ये तो वाजला आणि १६ जूनला त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवलं. तपासात निघालं की चीनशी संबंधित हॅकर्सनी मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक डिजिटल किल्ली मिळवून खोटे प्रवेशपास बनवले होते. मे महिन्यापासून ते मेल वाचत होते. २२ संस्था, ५०० हून जास्त माणसं. त्यात वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधले अमेरिकी राजदूत निकोलस बर्न्ससुद्धा. एकट्या परराष्ट्र खात्याचे सुमारे ६०,००० मेल गेले.

आता खरी मेख ऐका. "मेल कोणी उघडला" ही नोंद तेव्हा फक्त महागड्या परवान्यात मिळायची. परराष्ट्र खात्याने तो घेतला होता म्हणून चोरी सापडली. साधा परवाना असणाऱ्यांच्या घरात चोर शिरला तरी त्यांच्याकडे बघायला वहीच नव्हती. म्हणजे कुलूप कंपनीचं, किल्ली हरवली कंपनीची, आणि चोर आला होता का हे कळण्यासाठी जादा पैसे गिऱ्हाइकाने भरायचे!

बरीच टीका झाल्यावर जुलै २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या नोंदी साध्या ग्राहकांनाही जादा पैसे न घेता द्यायचं जाहीर केलं आणि त्या ठेवायची मुदत ९० वरून १८० दिवस केली. पण किल्ली चोराच्या हाती लागली कशी? कंपनीने सांगितलं, इतक्या जुन्या नोंदी आम्ही ठेवत नाही, त्यामुळे ठोस पुरावा नाही. वही विकणाऱ्याच्याच वहीत पान नव्हतं.

आपल्याकडे काय? सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की लॉग १८० दिवस जपून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा झाला. पण तोही बदलांचाच. कोणी नुसतं वाचलं ते त्यात येत नाही.

मध्यंतरी आमच्या इथल्या एका संस्थेच्या सभेत मी विचारलं, "सभासदांचे आधार, खाते नंबर कोण कोण उघडून बघतं, याची नोंद राहते का?" उत्तर आलं, "सॉफ्टवेअरवाल्याला विचारावं लागेल." पुढे कोणी विचारलं नाही.

मला वाटतं, आपली माहिती कोणी वाचली हे कळणं ही चैन नाही, हक्क आहे. पुढच्या सभेत तुम्हीही विचारा: वही आहे का, किती दिवस ठेवता, आणि ती तपासतं कोण? कारण परराष्ट्र खातं वाचलं ते नुसत्या वहीमुळे नाही. ती रोज कुणीतरी बघत होतं.