ब्रिटनमधील स्त्रियांची पेन्शनची साठी

* १९४० च्या कायद्याने ब्रिटिश स्त्रियांना मिळालेली साठीची सवलत १९९५ मध्ये, पुरुषांशी समानतेच्या तत्त्वावर, पासष्टीपर्यंत क्रमशः वाढविण्याचे ठरले व २०११ च्या कायद्याने ती गती इतकी वाढविली की, १९५३ च्या उन्हाळ्यात महिनाभर मागाहून जन्मलेलीचे निवृत्तिवेतन चार महिने लांबले. तत्त्व निर्विवाद, परंतु ज्यांची उमेदीची वर्षे अल्प वेतनात व अपत्यसंगोपनात खर्ची पडली, त्यांना व्यक्तिशः पत्रे धाडण्यास संबंधित खात्याने २००९ पर्यंत आरंभही करू नये, ही हयगय (आमच्या मते) कायद्याहून अधिक अन्यायकारक होय. लोकपालांनी मार्च २०२४ मध्ये केलेली नुकसानभरपाईची शिफारस सरकारने त्याच डिसेंबरात नामंजूर केली. — संपादक