विचारल्याशिवाय मान डोलवू नका

रोवण्याच्या दिवसांत हातात पैसा नसतो. नेमका तेव्हाच एखादा माणूस दारात येतो. गोड बोलतो, "सही करा, आजच पैसे मिळतील" म्हणतो. शेजारणीने सही केलेली दिसते, मग आपणही करतो. हप्ते सुरू झाल्यावर आठवतं, व्याज तर विचारलंच नव्हतं!

दुसऱ्याचं सांगणं आपलं मन दोन वाटांनी घेतं. एक वाट सोपी: बोलणारा कसा दिसतो, किती जणी हो म्हणाल्या, एवढं पाहायचं. दुसरी वाट कष्टाची: त्याच्या बोलण्याचा स्वतः हिशेब करायचा. घाईत, थकव्यात मन सोपी वाट धरतं. पण हिशेब करून पटलेली गोष्टच जास्त टिकते.

आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांनी लोकांना ही कष्टाची वाट चालायला लावली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले बाबा शाळा शिकले नव्हते. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते नुसतं सांगत नसत, विचारत. नवसाचा बकरा, कर्ज काढून केलेला सण, दारू यांवर ते प्रश्न टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहज विसरत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. तिथल्या बायका दिल, गुर्दे असे भाग सहसा शिजवत नसत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना फक्त भाषण ऐकवलं. बाकीच्या गटांतल्या बायकांनी आपसात चर्चा केली आणि शेवटी हात वर करून ठरवलं. नंतर चौकशी केली, तेव्हा भाषण ऐकलेल्यांपैकी शंभरात ३ जणींनीच नवा पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी शंभरात ३२ जणींनी!

म्हणजे शेजारणीची सही पाहणं वेगळं आणि शेजारणीशी बोलून ठरवणं वेगळं.

आपला बचत गट त्यासाठीच आहे. कर्जाचा कागद आला की बैठकीत मोठ्याने वाचा. एकीने विचारावं, एकूण परत किती करायचे? दुसरीने विचारावं, हप्ता चुकला तर काय? तिसरीने विचारावं, याला एवढी घाई का? उत्तरं पटली, तरच सही. नाही पटली, तर त्याला सांगा, पुढच्या बैठकीला या.