गाव सोडतानाचे ऋण

बंगळूरच्या कुमारा पार्क परिसरातील वल्लभ निकेतन हा विनोबा भावे यांनी देशभरात स्थापन केलेल्या सहा आश्रमांपैकी शेवटचा असून १९६५ साली तो उभा राहिला, तेव्हा विनोबांची भूदानासाठीची तेरा वर्षांची पदयात्रा संपली होती आणि एका गावी मुक्काम करून दुसऱ्या गावाची वाट धरणाऱ्या सर्वोदय कार्यकर्त्यांची एक पिढी घडली होती. गाव सोडताना अशा कार्यकर्त्याच्या मनात जी कृतज्ञता असे, तिचे मूळ १९३२ सालच्या धुळे तुरुंगापर्यंत मागे जाते. साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या तेथील गीता प्रवचनांत विनोबांनी यज्ञ म्हणजे सृष्टीची झीज भरून काढणे आणि दान म्हणजे समाजाचे ऋण फेडणे असा अर्थ लावला होता. या अर्थाने पाहता सेवक हा गावाचा उपकारकर्ता उरत नाही, तो ऋणकोच ठरतो.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान मागण्याची चळवळ, सुरू झाले आणि पहाटेच्या अंधारात पुढे कंदील धरून चालणारी पदयात्रेतली मंडळी रोज नव्या गावाच्या अन्नावर व ओसरीवर विसंबू लागली. तरीही कार्यकर्त्यांचा मोठा खर्च गांधी स्मारक निधीतून भागत होता. १९५६ साली तमिळनाडूत विनोबांनी ‘निधिमुक्ती’ जाहीर केली, म्हणजे मध्यवर्ती निधीतून पैसा घेणे थांबवले. हा निर्णय चळवळीच्या इतिहासात वाटतो त्याहून मोठा आहे, कारण त्यानंतर कार्यकर्त्याचे पोट गावाच्या विश्वासावरच अवलंबून राहिले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील येलवाल येथे पंडित नेहरूंसह अनेक पक्षांच्या नेत्यांनी ग्रामदानाला, म्हणजे जमिनीची मालकी गावाच्या स्वाधीन करण्याच्या कल्पनेला, पाठिंबा दिला.

भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी वाटपाविना पडून राहिली, हे अपयश मान्यच केले पाहिजे. पण खेड्याने कार्यकर्त्याला जे दिले, त्याचा हिशेब एकरांत मांडता येत नाही. त्याचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे ‘सर्वोदय पात्र’: स्वयंपाकघरातले एक साधे भांडे, ज्यात कार्यकर्त्यांच्या निर्वाहासाठी रोज मूठभर धान्य पडे. ती मूठ घरातल्या मोठ्या माणसाची नसावी, लहान मुलाची असावी, असा विनोबांचा आग्रह होता.