खांदा आणि खुबा : एका तुलनेची हकीकत

मनुष्याचा खांदा आणि त्याची श्रोणी यांच्यात काही नाते असेल, अशी शंका वरवर पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. खांद्याचे फलक पाठीवर केवळ स्नायूंच्या आधाराने राहते आणि धडाच्या सांगाड्याशी हाताचा अस्थिसंबंध काय तो हासळीच्या उरोस्थीला टेकलेल्या टोकापुरता. उलट कटीची दोन्ही हाडे मागे त्रिकास्थीला आणि पुढे परस्परांना भिडून असे भक्कम कडे करतात की, सबंध धडाचा भार त्यावर निर्धास्तपणे सोपवावा. खांद्याची उखळी इतकी उथळ की भुजास्थीच्या गोल माथ्याचा फार तर तिसरा हिस्सा तिच्यात मावतो, आणि म्हणूनच निखळणाऱ्या मोठ्या सांध्यांत खांद्याचा क्रम पहिला लागतो. खुब्याची उखळी मांडीच्या हाडाचा माथा सहजासहजी सुटू देत नाही. स्वभावाने इतकी भिन्न असणारी ही दोन अंगे एकाच आराखड्याची रूपे आहेत, हे ओळखण्यास मनुष्याला फार काळ लागला.

आपल्याकडे सुश्रुताने शरीराच्या परीक्षेची जी रीत घालून दिली, तिच्यात प्रेताला मुंज, कुश किंवा ताग गुंडाळावा, ते पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात एकांत जागी बांधावे आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या अथवा बांबूच्या कुंचल्याने थर हळूहळू खरवडत आतले एकेक अंग डोळ्यांनी पाहावे, असा बारीक तपशील आहे. श्रोणीत त्याने पाच हाडे मोजली, खांद्याची वेगळी मोजली. परंतु त्याची दृष्टी शल्यवैद्याची होती, शस्त्र कोठे चालवावे आणि कोणत्या मर्मापाशी थांबवावे हा त्याचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला या दोहोंच्या तुलनेची गरज नव्हती. युरोपात गेलनने माकडे चिरून मनुष्याचे वर्णन केले आणि ते सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. ते मोडून काढणाऱ्या व्हेसेलियसने तरुणपणी लूव्हें गावाबाहेरच्या फाशीच्या खांबावरील प्रेताचे हातपाय प्रथम उपसून घरी नेले आणि मग रात्रीच्या अंधारात वर चढून साखळीने जखडलेले धड खाली आणले. १५४३ मध्ये बाझेलला छापलेल्या त्याच्या ग्रंथामागे अशी धडपड आहे.

तुलनेचा खरा मान मात्र मी फेलिक्स व्हिक दाझिर या फ्रेंच वैद्याला देईन. १७७४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या दप्तरी दाखल झालेल्या निबंधात त्याने मनुष्याचे आणि चतुष्पादांचे पुढचे व मागचे अवयव शेजारी शेजारी ठेवले : खांद्याच्या फलकासमोर कटीचे रुंद हाड, भुजास्थीसमोर ऊर्वस्थी, कोपराखालच्या दोन हाडांसमोर गुडघ्याखालची दोन, मनगटासमोर घोटा. जुळणी पुष्कळशी बसली, पण एक अडचण उरली. कोपर मागे वळते आणि गुडघा पुढे. तळहात समोर धरला तर अंगठा बाहेरच्या बाजूस येतो, पायाचा अंगठा मात्र आतल्या बाजूस असतो. पुढे हा विद्वान राणी मारी आंत्वानेतचा वैद्य झाला आणि राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, १७९४ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी वारला. अडचण तशीच राहिली.

माँपेल्ये येथील शार्ल मार्टिन्सने १८५७ मध्ये तिचे उत्तर सुचविले. भुजास्थी स्वतःभोवती अर्धा पीळ घेऊन वळलेली आहे, तो पीळ मनाने उलगडावा की ती ऊर्वस्थीशी जुळते, असे त्याचे म्हणणे. ते जसेच्या तसे टिकले नाही, तरी वळण कोठेतरी आहे ही त्याची अटकळ खरी होती. गर्भात हातपायांचे अंकुर प्रथम बाजूंना फुटतात आणि चारही अंगठे डोक्याच्या दिशेस असतात. मग सातव्या-आठव्या आठवड्यांत सबंध हात बाहेर आणि सबंध पाय आत, प्रत्येकी काटकोनाएवढा फिरतो.

शारीरशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने लहान मुलाच्या कटीचे हाड हाती घेतले, तर त्याला ते एकसंध दिसत नाही. तीन तुकडे खुब्याच्या उखळीत एकत्र येतात आणि मधल्या कूर्चेची त्रिशाखी रेघ साधारण चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारास बुजते. खांद्याच्या फलकावरचे कावळ्याच्या चोचीसारखे टोकही बालपणी वेगळेच असते आणि जवळपास त्याच वयात उखळीपाशी फलकाला जडते. आराखडा एक असल्याची याहून बोलकी साक्ष मला ठाऊक नाही.

हासळीला मात्र श्रोणीत जोडीदार मिळेना. कटीच्या हाडाचा पुढचा तुकडा, म्हणजे जघनास्थी, तिच्यापुढे ठेवून पाहण्यात आली, पण तो मेळ कृत्रिम ठरला. गर्भात सर्वांआधी हाडाचे रूप घेऊ लागणारी ही अस्थी बहुतांशी कूर्चेतून नव्हे, तर कवटीच्या वरच्या हाडांप्रमाणे पडद्यातून बनते, कारण तिचे मूळ माशांच्या त्वचेतील अस्थिपट्टांत आहे. प्राचीन माशांचा खांदा कवटीच्या मागल्या काठाला जखडलेला होता आणि श्रोणी मांसात सुटी, अगदी लहान होती. जमिनीवर येताना व्यवस्था उलटली : खांद्याने डोके सोडले, श्रोणीने कणा धरला. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात एल्समिअर बेटावर २००४ मध्ये सापडलेल्या, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या माशाचा खांदा डोक्यापासून मोकळा झालेला होता. २०१४ मध्ये त्याच्या श्रोणीचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा ती आकाराने खांद्याच्या तोडीची, परंतु कण्याशी अद्याप न जडलेली आढळली.