लक्ष्मा गौड यांची मुद्राचित्रे आणि आपला मुलूख

हिमायतनगर असो वा काचीगुडा, हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत बिदरी कामाची एखादी डबी बहुधा सापडतेच. ती आपल्याला आपली वाटते. त्याच मुलखाच्या शेजारातून आलेल्या लक्ष्मा गौड यांची मुद्राचित्रे मात्र आपण ‘तेलुगू कला’ म्हणून बाजूस ठेवली. ही वाटणी इतिहासाला धरून नाही.

गौड यांचा जन्म १९४० साली मेदक जिल्ह्यातील निजामपूर या खेड्यात झाला. मेदकला लागूनच बिदर. तेथे तेलुगू, मराठी, कानडी व दखनी एकाच बाजारात बोलल्या जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची शकले झाली : उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आपल्यापैकी कित्येकांची आजोळे त्या दिवशी परराज्यात गेली.

हैदराबादेतील कलाशिक्षणानंतर गौड १९६३ मध्ये बडोद्यास गेले आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले. त्यांचे आवडते माध्यम अम्लरेखन, म्हणजेच एचिंग. धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेषा ओढायची; उघड्या पडलेल्या रेषेला आम्ल खाते. त्या खाचेत शाई भरून ओल्या कागदावर ठसा घेतात. बिदरी कारागीरही जस्ताचा भरणा असलेल्या धातूवर रेषा कोरतो, फक्त तिच्यात चांदी भरतो. हे साम्य मी जोडतो आहे; गौड यांनी ते तेथून उचलले असे मला म्हणायचे नाही.

त्यांच्या ठशांत पुन्हा पुन्हा येते ती शेळी. शिवाय झाडे, झोपड्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या बायका. यांतले काय आपल्याला परके आहे? त्यांच्या नावातील ‘कलाल’ हा शब्दसुद्धा मराठीत मद्यविक्रेत्यासाठी रूढ आहे. त्यांच्या चित्रांतील उघड शृंगाराने अनेकांनी नाके मुरडली. जात्रेतली लावणी ऐकलेल्या समाजाने तसे करावे, याचे मला नवल वाटते.

गौड पुढे हैदराबाद विद्यापीठाच्या सरोजिनी नायडू कलाशाळेत अधिष्ठाता झाले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझी आजी उदगीरकडची. तिच्या पायांत चांदीचे जाड वाळे असत, चालताना ते घोट्यावर आपटत. गौड यांचे एक चित्र प्रथम पाहिले तेव्हा आधी त्यातल्या बाईचे दागिनेच ओळखीचे वाटले. चित्रकाराचे नाव मी नंतर वाचले.